छंदाची फोटोग्राफी शिकून व्यवसाय करावा का? (मुंबई)

पाऊलवाट
नमस्कार मंडळी.
वय ३१, राहणार डोंबिवली, नोकरी बीकेसीतल्या एका विमा कंपनीत. फोटोग्राफीचा नाद कॉलेजपासूनचा. आधी बाबांचा फिल्मचा कॅमेरा, मग पहिल्या पगारांतून घेतलेला डीएसएलआर. नात्यातल्या मुंजी, डोहाळजेवणं, मैत्रिणींचे पोर्टफोलिओ असं बरंच काढून झालंय, सगळं फुकट. अलीकडे दोघीतिघींनी आपणहून पैसे विचारले आणि तिथून डोक्यात किडा वळवळायला लागला.

मुंबईतल्या एका खासगी संस्थेत वर्षभराचा पूर्णवेळ डिप्लोमा आहे. फी काही लाखांत, शिवाय नोकरी सोडावी लागेल. दुसरा पर्याय शनिवार-रविवारचा कोर्स. तिसरा म्हणजे ऑनलाइन व्हिडिओ बघणं, जे मी आत्ताही करतेच. मला माणसांचे फोटो काढायला आवडतात. पक्षी, फुलं, सूर्यास्त यात फारसा जीव रमत नाही. नवरा म्हणतो, कर. सासूबाई म्हणतात, फोटो काढायला शिकायचं काय असतं त्यात? ज्यांनी शिकून किंवा न शिकता हा व्यवसाय केलाय त्यांनी सांगा. फी वसूल होते का?

कोपऱ्यातला_काका
कॅमेरा कोणता?

मिरचीभजी
आला! मला वाटलं होतं निदान पाचव्या प्रतिसादापर्यंत तरी दम धरतील.

शटरदादा
सासूबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, चांगला आहे. कॅमेरा चालवायला शिकणं हे पंधरा दिवसांचं काम. अॅपर्चर, शटर, आयएसओ यांचं गणित, म्हणजे फोटो किती उजळ येईल ते, व्हिडिओ बघूनही येतं. वर्षं जातात ती लाइट शिकण्यात.

मी कोर्स केलेला नाही. अंधेरीत एका जाहिरात फोटोग्राफरकडे असिस्टंट होतो. सुरुवातीचे कित्येक महिने काम म्हणजे स्टँड उचलणे, केबल गुंडाळणे, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावणे-काढणे आणि मॉडेलचा मेकअप होईपर्यंत तिच्या जागी जाऊन उभं राहणे. हे शेवटचं काम सगळ्यांना कमीपणाचं वाटतं, पण लाइट कुठून येतो, नाकाची सावली कुठे पडते, डोळ्यांत चमक कधी येते हे तिथेच कळतं. लाइट माणसापासून दुप्पट लांब नेला की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). पुस्तकात ही एक ओळ असते. लाइट एका बाजूला, सहा माणसांचा ग्रुप, पहिला माणूस पांढराफटक, शेवटचा काळाठिक्कर आणि मागे क्लायंट उभा, असं झालं की ती ओळ जन्मात विसरत नाही.

पैसे मात्र विचारू नका. काही ठिकाणी जेवण आणि रिक्षाभाडं एवढंच.

हिशेबनीस
पाऊलवाट, नोकरी सोडू नका. स्पष्ट लिहितोय, राग मानू नका.
कॅटलॉगचं काम, म्हणजे कुर्ता घालून मॉडेल उभी आणि मागे पांढरा पडदा, हे नव्या लोकांचं पोट भरायचं साधन होतं. त्यातलं बरंचसं आता एआयवर होऊ लागलंय. कुर्त्याचा एक सपाट फोटो द्या, मॉडेल यंत्र बनवून देतं. खालच्या टोकाला हौशी पोरं फुकट काम करतात, वरच्या टोकाला ठरलेली मोठी नावं. मधल्या जागेत शिरण्यासाठी पगार सोडायचा?
आणि जे काम मिळेल त्याचे पैसे कंपन्या टीडीएस कापून साठ-नव्वद दिवसांनी देतात. घराचा हप्ता मात्र पाच तारखेलाच जातो.

मंजिरी_ठाणे
शटरदादांशी अर्धी सहमत. असिस्टंट म्हणून कुणाला घेतात हो? वीस-बावीस वर्षांच्या मुलाला, जो रात्री दोनला पॅकअप करून बाइकवरून घरी जाईल. तिशीतल्या बाईला "तुम्हाला झेपणार नाही" असं गोड बोलून वाटेला लावतात. मला लावलं होतं. म्हणून मी शनिवार-रविवारचा कोर्स केला. शिकले किती हा वेगळा विषय, पण तिथल्या सरांनी एका लग्नाला सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीला दुसरी, म्हणून नेलं आणि गाडी सुरू झाली. दार उघडण्यापुरता कोर्स मला उपयोगी पडला.

हिशेबनीस, लग्नाचं एआय काय करणार? आजीच्या डोळ्यांतलं पाणी यंत्राकडून काढून घेतलेलं कुणाला चालेल?

पाऊलवाट, माणसं आवडतात म्हणतेस तर लग्नांचा विचार कर. नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफर दारापर्यंतच जातो. साडी नेसवताना काकूंची चाललेली भांडणं, मुंडावळ्या बांधताना आईचा थरथरणारा हात, हे सगळं आपल्याला मिळतं. पण आपल्या लग्नात सगळा खेळ काही सेकंदांचा असतो. शेवटचं मंगलाष्टक संपलं, अंतरपाट बाजूला झाला, वाजंत्री सुरू, अक्षतांचा मारा, समोर दोन्हीकडचे मामा आणि त्यांच्या मागून वर आलेले मोबाइल. त्या वेळी तू चुकीच्या बाजूला असलीस तर संपलं. हार पुन्हा घालायला लावता येतात, लोक लावतातही, पण दोघांनी एकमेकांकडे पहिल्यांदा बघणं पुन्हा मिळत नाही. म्हणून मी भटजींना आधी गाठते. अंतरपाट कोण धरणार, कुठल्या बाजूला काढणार, नवरी पाटावर कुठून येणार, एवढं विचारून ठेवते. बहुतेक गुरुजी खूश होतात, कारण एरवी त्यांना कुणी काही विचारतच नाही.

हॉलचे दिवे ही दुसरी डोकेदुखी. छतावर पिवळे बल्ब, स्टेजवर डेकोरेटरने लावलेले जांभळे-निळे एलईडी, आणि व्हिडिओवाल्याचा पांढरा भपका थेट चेहऱ्यावर. एकाच गालावर तीन रंग. हे दुरुस्त कसं करायचं ते मला कोर्समध्ये कुणी शिकवलं नाही.

मिरचीभजी
व्हिडिओवाला हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. आमच्या लग्नाच्या एकाही फोटोत सप्तपदी नाही, व्हिडिओवाल्याची पाठ मात्र सातही पावलांना आहे.

डार्करूम
गिरगावात आमचा स्टुडिओ होता, आता मुलगा त्या गाळ्यात मोबाइलची दुकानदारी करतो. थोडा जुना इतिहास, कंटाळा आला तर पुढे जा.

फोटोग्राफी शिकावी का हा प्रश्न मुंबईत फार जुना आहे. इथे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये निघाली आणि १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. डॉक्टरकी होतीच.

नोकरी सोडणाऱ्यांचं म्हणाल तर राजा दीनदयाळ इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. फोटो हा छंद. पुढे नोकरी सोडली, निजामाचे फोटोग्राफर झाले आणि १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ थाटला. अलीकडचे गौतम राजाध्यक्ष झेवियर्समध्ये केमिस्ट्री शिकवत होते, मग लिंटास या जाहिरात कंपनीत गेले आणि बरीच वर्षं तिथे काढून नंतर पूर्णवेळ फोटोग्राफर झाले. म्हणजे उडी मारण्यापूर्वी पाणी किती खोल आहे ते त्यांना माहीत होतं.

मंजिरीताईंनी बायकांचं लिहिलं म्हणून हेही सांगतो. होमाई व्यारावाला जेजेत (सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट) शिकलेल्या, आपल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून येत. २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं तेव्हा वय नव्वदीच्या पुढे.

जेजेवाला_९८
डार्करूम, सुरेख प्रतिसाद.
वर "कोर्स" या एका नावाखाली सगळंच आलंय, म्हणून थोडं वेगळं करून सांगतो. जेजे उपयोजित कलामध्ये चार वर्षांची पदवी आहे, बारावीनंतर, प्रवेश परीक्षा देऊन. फोटोग्राफी हा त्यातला निवडीचा विषय. चित्र, अक्षरं, मांडणी हे आधी घोटून घेतात. अहमदाबादच्या एनआयडीचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) फोटोग्राफी डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम गांधीनगरला चालतो, पदवी झालेल्यांसाठी. उटीला लाइट अँड लाइफ अकॅडमी आहे, ती निखळ व्यावसायिक फोटोग्राफीची. आणि फोर्टात १९३७ पासूनची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया, हौशी मंडळींचं जुनं ठिकाण. पाऊलवाट म्हणतात तो खासगी डिप्लोमा या सगळ्यांहून निराळा, आणि खासगीतही उजवं-डावं भरपूर.

मला शिक्षणाचा खरा उपयोग झाला तो क्रिटचा. आठवडाभराचं काम भिंतीवर लावायचं आणि वर्गाने ते फाडून खायचं. "आवडला" हा शब्द बोलायला बंदी. हात इथे का कापला, मागचा खांब डोक्यातून का उगवलाय, दहातला हाच फोटो का निवडलास, याची उत्तरं द्यायची. घरचे आणि इन्स्टाग्रामवाले "वा वा" म्हणतात, त्यातून माणूस जागचा हलत नाही. व्हिडिओ बघून सगळं मिळेल, हे मिळणार नाही.

मिरचीभजी
जेजेत फोटोग्राफी शिकून पुढे मुख्यमंत्रीही होता येतं. आणखी किती फी वसूल व्हायला हवी?

संपादक मंडळ
राजकारण राजकारणाच्या धाग्यावर. इथले पुढचे प्रतिसाद उडवले आहेत.

कोपऱ्यातला_काका
माझ्या प्रश्नाची टिंगल झाली, पण कॅमेरा विचारण्यामागे कारण होतं. डोंबिवली असो की दादर, जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत पाणीच असतं. कपाटात बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते. आधी कोपऱ्यात बारीक धागा दिसतो, मग जाळं. साफ करून मिळतं, पण काचेवरचं कोटिंग खाल्लं गेलं की व्रण राहतो. व्यवसाय करायचा तर नव्या लेन्सच्या आधी ड्राय कॅबिनेट घ्या. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायची. बजेट नसेल तर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक.

मिरचीभजी
काका, टिंगल मागे घेते. तांदळाच्या डब्यात ठेवली तर?

कोपऱ्यातला_काका
तांदळाची पूड आत जाईल. भात करा, लेन्स बाहेर ठेवा.

शटरदादा
काकांना अनुमोदन. एक भर: लेन्स वापरात ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. आणि सुरुवातीला विकत घेऊच नका, अंधेरीत बॉडी, लेन्स, लाइट सगळं दिवसाच्या भाड्याने मिळतं. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. घेताना समोर प्रत्येक लेन्स टॉर्च लावून बघा आणि ओरखड्यांचे फोटो काढा, नाहीतर परत देताना जुना ओरखडा तुमच्या नावावर.

नाव_नको
पहिल्यांदाच लिहितोय. मी अशाच एका खासगी वर्षभराच्या डिप्लोमाला होतो, संस्थेचं नाव लिहिणार नाही. माहितीपत्रकात मोठा स्टुडिओ, प्रत्यक्षात एका सेटअपवर पंधरा-सोळा मुलं. एकाने शूट करायचं, बाकीच्यांनी मोबाइल बघायचा. शिकवायला येणारी नावं मोठी, पण ती वर्षातून एकदा येऊन स्वतःचे स्लाइड दाखवून गेली. रोजचा वर्ग आदल्या वर्षीचे विद्यार्थी घ्यायचे. "प्लेसमेंट सहाय्य" म्हणजे एक व्हॉट्सअॅप ग्रुप.

म्हणून फी भरण्यापूर्वी विचारा: एका लाइट सेटअपवर किती जण? तासांनंतर स्टुडिओ सरावाला मिळतो का? रोज शिकवणारा माणूस आज बाजारात स्वतः काम करतो का? दोन-तीन वर्षांपूर्वीच्या बॅचमधल्या कुणाही तिघांचे नंबर, आणि ते तिघे मी निवडणार, तुम्ही नाही. कोटेशन, करार, बिल हे शिकवता का?
सगळंच वाया गेलं असं नाही. बॅचमधले चौघे अजून एकमेकांना कामं देतो.

जेजेवाला_९८
हे धाग्यातलं सर्वात उपयोगी पोस्ट.

वकील_बोरिवली
नाव_नको यांनी कराराचा विषय काढला म्हणून. फोटोग्राफरांचा एक गोड गैरसमज असतो की बटण मी दाबलं म्हणजे फोटो माझा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ वाचा. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला, तर उलट करार नसल्यास कॉपीराइटचा पहिला मालक पैसे देणारा. तुम्ही हौसेने गेटवेवर काढलात तर तुमचा. नोकरीचा भाग म्हणून काढलात तर सहसा मालकाचा. म्हणून लग्नाचे फोटो वेबसाइटवर टाकायचे असतील तर ते कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या. एक ओळ पुरते, पण ती सहीच्या वर हवी.

ड्रोनबद्दलही. २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि मुंबईत विमानतळ, नौदल आणि पोलिसांचे मनाई आदेश धरले तर उडवायला मोकळी जागा शोधावीच लागते. नवरदेवाचा मित्र "माझ्याकडे आहे" म्हणाला तरी जबाबदारी घेऊ नका.

हिशेबनीस
वकीलसाहेबांनी माझं काम हलकं केलं. जीएसटीचं राहिलं: सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. वर गेलात की १८ टक्के. नवरीच्या बापाला हे अठरा टक्के समजावून सांगणं हे वेगळं कौशल्य आहे.

मंजिरी_ठाणे
ते मी अजून शिकतेय.
पैशांबद्दल आणखी एक, कारण पाऊलवाट नोकरी सोडायचा विचार करतेय. लग्नांचं उत्पन्न वर्षभर सारखं येत नाही. तुळशीचं लग्न झालं की फोन सुरू होतात, मे-जूनपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाही. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास. काढीव मुहूर्त असतात, पण ते किती? त्या महिन्यांत बारशी, डोहाळजेवणं, गणपतीत एखाद्या सोसायटीचं किंवा कंपनीचं काम, आणि राहिलेल्या अल्बमची डिझाइनं. हातात सहा महिन्यांचा घरखर्च नसेल तर आषाढात घाबरून मिळेल त्या भावाला काम घेतेस, आणि एकदा तो भाव तोंडी लागला की पुढच्या हंगामात वाढवणं कठीण.

हिशेबनीस
मग मी वेगळं काय म्हणत होतो?

मंजिरी_ठाणे
तुम्ही "करू नका" म्हणत होतात. मी "पैसे बाजूला ठेवून करा" म्हणतेय.

अर्धातिकीट
मी कांजूरला आयटीत आहे आणि वीकेंडला लहान मुलांचे फोटो काढतो, गेली बरीच वर्षं. सोडायचा विचार नाही. नोकरी आहे म्हणून नको त्या क्लायंटला नाही म्हणू शकतो. पण एक तोटा प्रामाणिकपणे सांगतो: अशा माणसाला मोठं काम कुणी देत नाही. जाहिरातवाल्यांचा फोन मंगळवारी सकाळी अकराला येतो, "उद्या रेकीला, शूटची जागा बघायला, याल का?" तेव्हा मी मीटिंगमध्ये असतो. दोन वेळा नाही म्हटलं की तिसऱ्यांदा फोन येत नाही. दोन्ही डगरींवर पाय ठेवता येतो, उंची मात्र तेवढीच राहते.

आणि तो छंद म्हणून उरत नाही हेही खरं. पूर्वी रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन भुलेश्वरला भटकायचो. आता रविवारी एडिटिंग.

शटरदादा
या शेवटच्या वाक्याबद्दल मतभेद. मी आजही भटकतो. ज्याला भटकायचंय तो भटकतो.

अर्धातिकीट
तुम्हाला मंगळवार मोकळा मिळतो, दादा.

पाऊलवाट
सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. नाव_नको यांचे प्रश्न कागदावर उतरवून मी दोन्ही ठिकाणी जाऊन आले.

डिप्लोमाच्या ठिकाणी समुपदेशक बाई फार गोड होत्या, पण जुन्या बॅचच्या मुलांचे नंबर मागितले तर "पॉलिसी नाही" म्हणाल्या, आणि उठताना म्हणाल्या, आज भरलीत तर फीत सवलत. शनिवार-रविवारवाल्यांचा स्टुडिओ छोटा आहे, वरळीतल्या एका औद्योगिक वसाहतीत, पंखा खडखडणारा. पण सरांनी मला चालू वर्गात तासभर बसू दिलं. सहा जण, एक दिवा, एक पांढरा थर्माकोल, आणि प्रत्येकाला तेच करायला लावलं: समोरच्याचा अर्धाच चेहरा उजेडात ठेवा. माझी पाळी आली तेव्हा मला जमलं नाही, इतकी वर्षं फोटो काढून. तिथे नाव घातलंय.

नोकरी सध्या चालू ठेवतेय. हिशेबनीस जिंकले असं म्हणू नका, मंजिरीताईंचा सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत. तोवर सुट्ट्या साठवून लग्नाच्या दिवसांत कुणी सेकंड शूटर म्हणून नेईल का ते बघते.

ऑफिसमधल्या एकीने बाळाच्या बारशाचं काम दिलंय, पैसे देऊन, पुढच्या महिन्यात मुलुंडला, घरीच. कोटेशनमध्ये काय काय लिहू? ओळखीत अॅडव्हान्स मागायचा का?

हिशेबनीस
मागायचा. ओळखीत तर नक्की मागायचा.

वकील_बोरिवली
ईमेलवर लिहा: तारीख, किती तास, किती फोटो एडिट करून देणार, किती दिवसांत, किती वेळा बदल करून देणार, पैसे कधी कधी. आणि बाळाचे फोटो तुम्ही कुठे टाकणार की नाही ते. बाळाच्या बाबतीत आईवडिलांचा लेखी होकार घ्याच.

मंजिरी_ठाणे
निम्मे आधी, निम्मे फोटो देताना. सगळे फोटो देऊन मग पैशांची वाट बघू नकोस. रॉ फाइल, म्हणजे एडिट न केलेले मूळ फोटो, मागतील, नाही म्हण.

महत्त्वाचं म्हणजे आदल्या दिवशी जाऊन पाळणा कुठे लावणार ते बघून ये. मुलुंडच्या फ्लॅटमध्ये तो हमखास हॉलच्या खिडकीसमोर असतो, डेकोरेशन खिडकीच्या ग्रिलला बांधता येतं म्हणून. मग मागून उजेड, बाळ आणि आत्या दोघी काळ्या. पाळणा हात-दोन हात सरकवून खिडकी एका बाजूला घेतलीस तर फ्लॅशही लागणार नाही. फुलवाला फुलं बांधायच्या आधी सांग, नंतर कुणी हलवू देत नाही.